मानमोडी: एका रोगाची व एका लशीची कथा

मराठी माणसानें रोगांना दिलेलीं नांवें मोठीं बोलकीं असतात. बैलाचा पाय सुजवून त्याला लंगडा करणाऱ्या रोगाला तो ‘फऱ्या’ म्हणतो; गुरांची दावण रिकामी करणाऱ्या मरीला ‘बुळकांडी’ म्हणतो. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाच्या साथीनें देशांत हाहाकार उडविला, तेव्हां महाराष्ट्रांत तिला ‘मानमोडी’ हें नांव पडलें. हेंच नांव खेड्यापाड्यांतून कोंबड्यांच्या एका रोगालाही चिकटलेलें आहे. दोन्ही रोग श्वासाच्या वाटेनें शिरतात आणि दोहोंचें मूळ साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या विषाणूंत आहे. तथापि हे दोन विषाणु एक नव्हत. कोंबड्यांच्या मानमोडीचा विषाणु वेगळ्या कुळांतला असून शास्त्राच्या ग्रंथांत त्याच्या रोगाला दोन गांवांचीं नांवें मिळालीं आहेत. त्यांतील एक गांव इंग्लंडांत आहे व दुसरें हिमालयाच्या कुशींत.

ह्या रोगाचें रूप भयंकर आहे. काल अंगणांत दाणे टिपणारी कोंबडी आज पंख पाडून कोपऱ्यांत बसते, चोंच उघडी टाकून धापा टाकूं लागते. तिला हिरवट ढाळ होतात. त्यांतून ती जगलीच, तर तिची मान पिळवटते, पाय लुळे पडतात. मानमोडी हें नांव पडलें तें ह्यावरूनच. अंड्यावरच्या कोंबड्यांचीं अंडीं एकाएकीं कमी होतात आणि जीं मिळतात तीं पातळ कवचाचीं किंवा वेड्यावांकड्या आकाराचीं. लागण झाल्यापासून बहुधा पांचसहा दिवसांत लक्षणें दिसतात. लस न दिलेल्या कळपांत प्रखर विषाणु शिरला, तर शंभरांपैकीं शंभर पक्षीही मरूं शकतात. आज शहरांतील घरांत अंडें ही दूध-भाजीइतकी सहज मिळणारी वस्तु झाली आहे. ह्या सुलभतेच्या मागें जी दीर्घ झुंज झाली, तिचा इतिहास श्रोत्यांनीं जाणून घेण्यासारखा आहे. कारण लस एकेका कोंबडीला देतात, पण रक्षण साऱ्या कळपाचें करावें लागतें, हा त्या इतिहासाचा बोध पक्ष्यांपुरताच मर्यादित नाहीं.

१९२६ सालीं हा रोग पृथ्वीच्या पाठीवर दूरदूरच्या ठिकाणीं जवळजवळ एकाच वेळीं प्रकट झाला. जावा बेटांत क्रानेव्हेल्ट नांवाच्या डच पशुवैद्यानें त्याचें वर्णन केलें. त्याच वर्षीं इंग्लंडच्या उत्तरेस, टाइन नदीवरील न्यूकॅसल शहराजवळील कोंबड्यांत तो उद्भवला. त्या काळीं कोंबड्यांची एक प्राणघातक मरी युरोपांत आधींच परिचित होती. इटलींत पेरोंचितो ह्यानें १८७८ सालीं तिचें वर्णन केलेलें होतें, आणि सूक्ष्म गाळणींतून पार होणाऱ्या विषानें ती होते हें १९०१ सालीं सिद्ध झालें होतें. आज तिलाच बर्ड फ्लू म्हणतात. न्यूकॅसलची साथ म्हणजे तीच जुनी मरी, असें कोणीही म्हटलें असतें. परंतु डॉयल नांवाच्या इंग्रज संशोधकानें अनुमानावर विसंबून न राहतां प्रयोग केला. जुन्या मरींतून वांचलेल्या, म्हणजे तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ति आलेल्या कोंबड्यांना त्यानें नव्या रोगाची लागण करून पाहिली, त्या मेल्या. नव्या रोगांतून वांचलेल्या कोंबड्यांनाही जुन्या मरीपासून संरक्षण मिळालें नाहीं. दोन शत्रु निराळे आहेत, हें अशा रीतीनें ठरलें.

१९२७ सालीं डॉयलनें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि रोगाला ‘न्यूकॅसल रोग’ असें नांव दिलें. लक्षणांवरून नांव द्यावें तर दुसऱ्या रोगांशीं घोटाळा होईल, म्हणून गांवाचें नांव तूर्त वापरावें, एवढाच त्याचा हेतु होता. पण तात्पुरता म्हणून बांधलेला मांडव पुष्कळदां कायमचा होऊन बसतो, तसेंच ह्या नांवाचें झालें.

भारतांत हा रोग उघडकीस आला तो कुमाऊं प्रांतांतील राणीखेत ह्या थंड हवेच्या लष्करी ठाण्याजवळ. त्याचा शोध घेणारी संस्थाही त्याच डोंगराळ मुलखांत, मुक्तेश्वर येथें होती. ह्या संस्थेचें मूळ मात्र महाराष्ट्रांत आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत ‘इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख झाले. गुरांच्या अत्यंत सांसर्गिक रोगांचे जंतु माणसांच्या व गुरांच्या दाट वस्तीजवळ बाळगणें धोक्याचें, म्हणून १८९३ सालीं ती सुमारें साडेसात हजार फुटांवरील निर्जन मुक्तेश्वरास हलविण्यांत आली. तेथें मुख्य काम होतें तें बुळकांडीचें. भारताच्या शेतीचा आधार बैल. कोंबडीला विचारतो कोण, अशीच त्या वेळची स्थिति होती. तरीही मुक्तेश्वरचे संचालक एडवर्ड्स ह्यांनीं १९२८ च्या वार्षिक अहवालांत कोंबड्यांच्या ह्या नव्या रोगाची नोंद केली, आणि भारतांत तो ‘राणीखेत रोग’ ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. सरकारी कागदांतील हें नांव आज कुक्कुटपालकांच्या इतकें तोंडीं बसलें आहे, कीं ‘राणीखेत आली’ एवढेंच म्हटलें तरी पुरे होतें.

रोग ओळखणें एक आणि त्याला आवर घालणें दुसरें. औषध घालून विषाणु मारावा, तर तसें औषध नव्हतें. आजही ह्या रोगावर तसें औषध नाहीं. मार्ग एकच उरला, तो लशीचा. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रयोगशाळेंत जंतु दुर्बल करून त्याचीच लस बनवावी, ही कल्पना पाश्चर ह्याला १८७९-८० सालीं सुचली ती कोंबड्यांच्याच कॉलऱ्यावर काम करीत असतांना. म्हणजे मनुष्यजातीवर कोंबडीचें हें जुनेंच ऋण होतें.

परंतु जंतु शोरब्यांत वाढवितां येतात, विषाणूला जिवंत पेशी लागतात. ही अडचण दूर केली ती अंड्यानें. अमेरिकेंत गुडपाश्चर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९३१ सालीं, उबवणीस ठेवलेल्या अंड्यांतील गर्भाच्या पडद्यावर कोंबड्यांच्या देवीचा विषाणु वाढवून दाखविला. अंडें म्हणजे निसर्गानें सीलबंद करून दिलेलें, स्वच्छ आणि स्वस्त असें प्रयोगपात्रच! कोंबडीच्या रोगावरील लस कोंबडीच्याच अंड्यांत तयार होऊं लागली ती ह्या शोधामुळें. राणीखेतचा विषाणु एका अंड्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा वारंवार नेला, तर हळूहळू त्याची प्रखरता कमी होते, असें आढळून आलें. इंग्लंडांत वेब्रिज येथें अय्यर हे भारतीय संशोधक व डॉब्सन ह्यांनीं हर्टफर्डशायरचा प्रखर विषाणु ह्या रीतीनें सौम्य करून १९४० सालीं ती पद्धति प्रसिद्ध केली. त्याच दशकांत मुक्तेश्वरास हॅडो व इदनानी ह्यांनीं भारतांतील विषाणूपासून लस सिद्ध केली. ‘मुक्तेश्वर जात’ म्हणून ती पुढें आशियांतील अनेक देशांत गेली. भारतांत तिला ‘आर-टू-बी’ म्हणतात.

ही लस जोमदार होती आणि तिनें येणारी प्रतिकारशक्ति बळकट होती. तिचा दोषही तिच्या जोमांतच होता. सौम्य केलेला असला तरी तो विषाणु लहान पिलांना सोसवत नसे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयाआधीं ती टोचतां येत नसे. मग त्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत पिलांचें रक्षण कशानें करावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतून आलें, आणि तेंही अनपेक्षितपणें. कॅलिफोर्नियांतील कोंबड्यांत श्वासाचा व मज्जातंतूंचा एक रोग पसरला होता. तो न्यूकॅसलचाच आहे हें बीच ह्यानें १९४४ सालीं दाखवून दिलें. त्यानंतर हिचनर ह्या संशोधकाकडे कोंबड्यांच्या ‘ब्राँकायटिस’ ह्या दुसऱ्याच रोगाचा म्हणून एक विषाणु आला. तपासणींत तो रक्तांतील तांबड्या पेशींच्या गुठळ्या करूं लागला. हें लक्षण ब्राँकायटिसचें नव्हे, न्यूकॅसलचें. मात्र हा न्यूकॅसलचा विषाणु इतका गरीब स्वभावाचा होता, कीं एका दिवसाच्या पिलालाही त्यापासून फारशी इजा होत नसे. चुकीचें नांव घेऊन आलेला हा पाहुणा ‘बी-वन’ जात म्हणून १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. न्यूजर्सींतील ला सोटा नांवाच्या माणसाच्या कोंबडीघरांतून १९४६ सालीं मिळालेली दुसरी सौम्य जातही अशीच जगभर गेली. इंग्लंडांत आस्प्लिन ह्यानें शोधलेली ‘एफ’ जात भारतांत रूढ झाली. पिलाच्या पहिल्या आठवड्यांत ‘एफ’ किंवा ‘ला सोटा’ आणि पुढें सहा ते आठ आठवड्यांनीं ‘आर-टू-बी’, हा क्रम ह्यांतूनच निघाला.

एकाच विषाणूची एक जात संहारक आणि दुसरी निरुपद्रवी, हें कसें? ह्याचा उलगडा पुढें झाला. पेशींत शिरण्यासाठीं ह्या विषाणूजवळ एक प्रथिन असतें. पण तें ठराविक ठिकाणीं चिरलें गेल्यावांचून कामास येत नाहीं, आणि तें चिरण्याची कात्री कोंबडीच्याच शरीरांत असते. सौम्य जातीचें प्रथिन ज्या कात्रीनें चिरतें, ती श्वासनलिका व आंतडें येथेंच सांपडते. म्हणून तिचा विषाणु तेवढ्यांतच फिरतो. प्रखर जातीच्या प्रथिनाची घडण अशी, कीं शरीरांतल्या बहुतेक सर्व पेशींतील कात्री त्याला चालते. म्हणून तिचा विषाणु मेंदूपर्यंत पोंचतो. सौम्य लस श्वासमार्गांतच वाढते, आणि ज्या दारानें शत्रु यावयाचा त्याच दारावर पहारा बसविते, हा तिचा मोठा गुण होय.

म्हणूनच ती डोळ्यांत किंवा नाकांत थेंब घालून, तुषार उडवून अथवा पिण्याच्या पाण्यांतून देतात. दहा हजार पक्ष्यांच्या कोंबडीघरांत प्रत्येकाला हातीं धरून सुई टोचीत बसणें किती कष्टाचें आहे, हें सांगावयास नको. परंतु सोपा मार्ग निष्काळजीपणा खपवून घेत नाहीं. लस हा जिवंत जीव आहे. उन्हांत राहिली कीं ती मरते. नळाच्या पाण्यांतील क्लोरीननेंही ती मरते. म्हणून क्लोरीन नसलेलें पाणी घेऊन त्यांत सायविरहित दुधाची पूड मिसळतात. पाणी देण्यापूर्वीं पक्षी थोडा वेळ तान्हेले ठेवावे लागतात, नाहींतर कांहीं पुष्कळ पितात आणि कांहीं पीतच नाहींत. आणखी एक नाजूक अडचण आहे. लस दिलेल्या कोंबडीच्या अंड्यांतील बलकांतून आईची प्रतिकारशक्ति पिलाला वारशानें मिळते आणि दोनतीन आठवडे पुरते. तोंवर लस दिली तर आईची देणगी लशीलाच शत्रु समजून नष्ट करूं शकते, आणि वारसा संपेपर्यंत थांबावें तर रोग वाट पाहात नाहीं. आईच्या मायेचा आणि वैद्याच्या उपायाचा हा तंटा मिटविण्यासाठींच लस एकदां देऊन भागत नाहीं. ती पुनः पुनः द्यावी लागते.

ही शिस्त अंगीं बाणली, तेव्हांच भारतांत मोठे कळप शक्य झाले. १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव ह्यांनीं वेंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था काढली, आणि पुढें पुणें हें ह्या धंद्याचें एक प्रमुख केंद्र बनलें. १९८२ सालीं अंडीं उत्पादकांची समन्वय समिति स्थापन झाली. औंध येथील महाराष्ट्र शासनाच्या संस्थेंत पशुपक्ष्यांच्या लशी तयार होतात, त्यांत राणीखेतचीही आहे. १८९३ सालीं पुण्याहून डोंगरावर गेलेली विद्या लशीच्या बाटलींत बसून पुण्यास परत आली, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

तथापि लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हें इतिहासानें वारंवार बजावलें आहे. १९७१ ते १९७३ ह्या काळांत परदेशांतून आणलेल्या शोभेच्या पक्ष्यांबरोबर प्रखर विषाणु कॅलिफोर्नियांत शिरला. सुमारें १ कोटी २० लक्ष पक्षी नष्ट करावे लागले व ५ कोटी ६० लक्ष डॉलर खर्च झाला. लस पक्ष्याला आजारापासून व मृत्यूपासून वांचविते. पण विषाणूचा प्रवेश पूर्णपणें थोपवीत नाहीं. वरून धडधाकट दिसणारी कोंबडी विषाणु बाळगूं शकते व शेजारच्या लस न दिलेल्या कळपाला तो देऊं शकते. बुळकांडीचें २०११ सालीं पृथ्वीवरून उच्चाटन झालें. राणीखेतचें झालें नाहीं, ह्याचें एक कारण हें आणि दुसरें रानपांखरें. त्यांना कोण लस देणार?

दुसरे श्वासरोगही हाच धडा देतात. ब्राँकायटिसचा उल्लेख वर आलाच आहे. १९३१ सालीं अमेरिकेंत शाल्क व हॉन ह्यांनीं वर्णिलेला हा रोग ज्या कोरोना कुळांतील विषाणूमुळें होतो, त्या कुळाची ओळख २०२० सालापासून साऱ्या जगाला झाली आहे. त्याच्या जाती इतक्या, कीं एकीवरची लस दुसरीला बहुधा पुरी पडत नाहीं.

बर्ड फ्लूची गोष्ट तर महाराष्ट्राच्याच अंगणांत घडली. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास कोंबड्या मरूं लागल्या. आरंभीं ती राणीखेतच असावी असें अनेकांना वाटलें. भोपाळच्या प्रयोगशाळेनें १८ फेब्रुवारीस निदान केलें तें बर्ड फ्लूचें. भारतांतील कुक्कुटांत तो प्रथमच आढळला. डॉयलनें ऐंशीं वर्षांपूर्वीं सोडविलेलें कोडें नवापुरास पुनः उभें राहिलें होतें. तेथें लस न देतां बाधित भागांतील लक्षावधि पक्षी मारून पुरण्यांत आले. चीननें ह्याच रोगावर मोठ्या प्रमाणांत लशीचा मार्ग धरला. फ्रान्सनें ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देण्यास प्रारंभ केला. मारावें कीं टोचावें, हा वाद पोकळ नाहीं. माणसाला होऊं शकणारा विषाणु लस दिलेल्या पक्ष्यांत लपून राहिला तर काय, अशी एका बाजूची भीति आहे. पुनः पुनः लक्षावधि जीव व हजारो कुटुंबांची उपजीविका मातींत घालावी काय, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न आहे.

आणि शेवटीं, ज्या कोंबडीपासून ही कथा सुरू झाली त्या अंगणांतल्या कोंबडीचें काय? २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें भारतांत सुमारें ८५ कोटी कुक्कुट होते. त्यांपैकीं सुमारें ३१ कोटी ७० लक्ष परसांतले. ते बहुधा गरीब घरांतल्या बायकांच्या मालकीचे. मुलाची वही, सुनेचें औषध, अडल्या वेळचा पैसा त्यांतूनच निघतो. लशीची बाटली मात्र शंभर, पांचशें किंवा हजार मात्रांची, बर्फांत ठेवण्याची, आणि कालविल्यावर दोनएक तासांत संपविण्याची. चार कोंबड्यांच्या मालकिणीनें ती कशी घ्यावी? ह्या अडचणीवर उपाय शोधला तो ऑस्ट्रेलियांत. क्वीन्सलंडमध्यें १९६६ सालीं उष्णता सोसणारी एक निरुपद्रवी जात सांपडली. त्यानंतर स्प्रॅडब्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तशीच ‘आय-टू’ ही जात तयार केली. बर्फावांचून कांहीं दिवस टिकणारी ती लस आफ्रिकेंतील मोझांबिक, टांझानिया व आशियांतील व्हिएतनाम अशा देशांच्या खेड्यांत गेली, आणि तेथें गांवांतल्याच शिकविलेल्या बायका घरोघर फिरून कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घालूं लागल्या.

भारतांतही हें काम अशक्य नाहीं. साऱ्या गांवानें एक दिवस ठरवावा, सर्वांच्या कोंबड्या मिळून एक बाटली फोडावी, आणि सूर्य वर येण्यापूर्वीं काम उरकावें. एवढ्यानें शंभर मात्रांची अडचण उरत नाहीं. मोठ्या कोंबडीघराच्या मालकालाही ह्यांत स्वार्थ आहे. कारण कुंपणापलीकडची निराधार कोंबडी ही त्याच्या दहा हजार पक्ष्यांच्या दाराशीं ठेवलेली ठिणगी होय. मानमोडीचा विषाणु मालक पाहात नाहीं आणि कुंपण मानीत नाहीं. त्याच्याशीं झुंजतांना मुक्तेश्वरच्या एकांतांतील विद्या जितकी लागली, तितकीच गांवकऱ्यांची एकजूट लागणार आहे.